रानमेवा : काय खावं, कशापासून लांब राहावं

एप्रिल-मे लागला की रानात करवंदं, टेंभरं, चारं पिकतात. सुट्टीत पोरं दिवसभर रानातच. म्हणून ही माहिती घरात सगळ्यांनी वाचावी.

करवंद : काटेरी जाळीत येतं. काळं झालं की गोड. कच्च्याचं लोणचं होतं.

टेंभरू : ज्याच्या पानाची बिडी होते तेच झाड. फळ पिवळं, मऊ झाल्यावरच खावं. कच्चं असलं तर तोंड तुरट होतं.

चार : मेळघाट, सातपुडा, गडचिरोलीकडं मिळतं. काळं पडलेल्या फळाचा गर खायचा, बी वाळवून फोडायची. आत निघते ती चारोळी. फळासाठी फांद्या तोडू नका, पुढच्या वर्षी काय खाणार?

बिबा : हिवाळ्यात पिकतो. वरचा नारिंगी भाग भाजून, वाळवून खातात. खालची काळी बी धोक्याची. तिचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात. गोडंबी काढायचं काम सरावाच्या माणसाचंच.

मोगली एरंड : हा रानमेवा नाही! कुंपणाला लावतात. पिवळ्या फळात काळ्या बिया असतात. चव शेंगदाण्यासारखी, म्हणून पोरं खातात. मग उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होते. घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन लावा किंवा थेट सरकारी दवाखाना गाठा. खाल्लेलं फळ डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

आमच्याही बांधावर मोगली एरंड आहे. नुसतं सांगून पोरं विसरतात. हाताला धरून झाड दाखवा, मग लक्षात राहतं.