खर्जाचे ओझे

दिवाळी अंकात इतिहास म्हटला की वाचकांना किल्ले, तहनामे आणि तलवारी आठवतात. मी आज एका लाकडी खोक्याचा इतिहास सांगणार आहे. वाचकांनी हसू नये; या खोक्यापायी आमच्या एका विद्यार्थ्याची कंबर धरली होती.

हा सुताराचा मुलगा. चौथीत असताना बाकावर ताल धरतो म्हणून त्याने माझ्या हातच्या छड्या खाल्ल्या. पुढे तो नेवाशाच्या बाजूला लग्नात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवू लागला. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जातले सूर देणारी गिटार. वाद्य गळ्यात अडकवता येते. पण ज्यातून तिचा आवाज निघतो तो स्पीकरचा खोका टेम्पोतून उतरवायला दोन गडी लागतात. त्यांतला एक बहुधा हाच. गेल्या उन्हाळ्यात तो पाठ धरूनच माझ्याकडे आला.

“गुरुजी, डॉक्टर म्हणतात ओझं उचलू नको. वडील म्हणतात वाजवणं सोड अन् रंधा धर. खोका लहान करता येत नाही का? तुमच्याकडं पुस्तकं आहेत, बघा की जरा.”

माझे विज्ञान मॅट्रिकपाशी थांबलेले. तरी छड्यांचे देणे फेडायचे म्हणून वाचू लागलो.

मुळात खोका हवाच कशाला? बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपने करतो. त्याची हवेतली एक लाट सुमारे २७ फूट भरते. माझा वर्गही तेवढा लांब नाही. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची लाट कडेने वळून पुढे आली, की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि खर्ज नाहीसा होतो. म्हणून मागची लाट कोंडायला खोका. तो फार लहान केला, तर कोंडलेली हवा ताठ स्प्रिंगसारखी पडद्याला अडवते.

यावरचा एक उपाय आमच्या भजनी मंडळींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात. पुडी जड होते, सावकाश हलते, आणि वाद्य न वाढवता सूर खाली उतरतो. मात्र जड पुडीला हातही जोराचा लागतो. स्पीकरचा पडदा जड केला तर तसेच होते. खर्ज मिळतो, पण वीज जास्त खर्ची पडते. हॉफमन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाच्या नावाने एक नियमच आहे: लहान खोका, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मागा; तिसरे सोडा.

बास गिटारचा जन्मही ओझे कमी करण्यासाठीच झाला. त्याआधी पुरुषभर उंचीचे डबल बास वाद्य वाहून न्यावे लागे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवायची विजेची बास गिटार बाजारात आणली. पण गंमत अशी, की वाद्यातून गेलेले ओझे स्पीकरच्या खोक्यात जाऊन बसले.

लंडनमध्ये ‘द हू’ या वाद्यवृंदात जॉन एंटविसल बास वाजवीत. ढोलवादकाच्या दणदणाटात स्वतःचे सूर ऐकू यावेत म्हणून त्यांनी जिम मार्शल यांच्या दुकानातून चार स्पीकरांचे मोठे खोके घेतले. ते पाहून त्यांचे सोबती पीट टाउनशेंड यांनाही राहवेना. १९६५च्या सुमारास त्यांनी आठ स्पीकरांचा एकच खोका करवून घेतला. तो जड होणार हे मार्शल यांनी आधीच बजावले होते. झाले तसेच; वाहणाऱ्यांनी हात टेकले. मग एकाचे दोन करून ते एकावर एक रचले गेले. जगभर गाजलेली ती उतरंड रसिकांच्या हौसेने खरी; पण तिचे दोन तुकडे झाले ते हमालांच्या पाठीमुळे.

आता ही लंडनची गोष्ट आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, कशी येते ते पाहा. हेच टाउनशेंड अरणगावजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा यांचे भक्त झाले. बाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. योगायोग असा, की त्याच १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी, आजचे बहुतेक स्पीकर ज्या रीतीने चालतात ती रीत जगापुढे मांडली. १९७२ साली टाउनशेंड मेहेराबादला समाधीच्या दर्शनाला आले. चार वर्षांनी, १९७६ साली, लंडनच्या एका मैदानावर त्यांच्या वाद्यवृंदाचा आवाज ३२ मीटरांवर १२६ डेसिबल भरला आणि गिनेसच्या पुस्तकात नोंदला गेला. पुढे त्यांच्या कानांना कायमची इजा झाली. ती कहाणी त्यांनी स्वतःच जगाला सांगितली आहे.

मोठ्या खोक्यांची ही चढाओढ चालू असताना दुसरीकडे लहान खोक्याची विद्या वाढत होती. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी अडवणाऱ्या हवेलाच कामाला लावले. खोका हवाबंद केला, पडदा सैल टांगला आणि परत ओढणारी स्प्रिंग म्हणून आतली हवाच वापरली. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीले यांनी, आणि पुढच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी, कोणत्या स्पीकरला केवढा खोका लागेल याचे गणित बसवून दिले. १९८०नंतर निओडिमियमचे लोहचुंबक निघाले. मूठभर चुंबक पूर्वीच्या जड चकतीचे काम करू लागले. आवाज वाढवणारी यंत्रेही पुढे हातात मावण्याइतकी हलकी झाली.

हे सारे मी वहीत उतरून त्याला दिले. त्याने गणित माझ्यापेक्षा लवकर उलगडले. मग बापलेकांनी हलक्या प्लायवूडचे दोन खोके केले. प्रत्येकात दहा इंची एकच स्पीकर, आत आडवे टेकू, आणि एका हातात उचलता येईल एवढेच वजन. ‘रंधा धर’ म्हणणाऱ्या वडिलांनी स्वतः रंधा धरला. एकही फट राहू दिली नाही. “हवा गळली तर सूर गळेल,” असे ते मलाच समजावून सांगत होते.

नियम मात्र कुणालाच चुकत नाही. पहिल्याच लग्नात मांडवाच्या टोकाला छातीत धडधड पोचली नाही. ऑर्केस्ट्राच्या मालकाने तोंड वाकडे केले आणि पुढच्या दोन सुपाऱ्यांना दुसऱ्याला बोलावले. पोराने ते सोसले. आता तो लहान कार्यक्रमांत वाजवतो. पैसे कमी मिळतात, पण पाठ ताठ आहे.

परवा गावच्या सप्ताहात पखवाज्याशेजारी तो आपला एक खोका घेऊन बसला होता. पखवाज्या कणीक थापीत होता. मुलाने तार जुळवली आणि माझ्याकडे पाहून विचारले, “गुरुजी, मागं ऐकू येतंय का?”

मी शेवटच्या ओळीत, म्हाताऱ्यांबरोबर बसलो होतो. तेथून मान हलवली.