नदीतील धातूंची नोंद : बाटलीपासून मॉसपर्यंत

समजा, एका नाल्यातून शिसे व जस्त असलेले सांडपाणी आठवड्यातून एकदाच, रात्री दोनच्या सुमारास नदीत सोडले जाते. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाटली बुडवून नमुना घेतला. अहवाल येईल : 'मर्यादेत'. अहवाल खोटा नाही. तो फक्त सकाळी अकराच्या पाण्याबद्दल आहे. रात्रीचे पाणी तोवर कित्येक किलोमीटर खाली गेलेले असते. मग त्या रात्रीची साक्ष कोण देणार?

पहिले उत्तर सजीवांच्या हजेरीपटाचे होते. वेल्समधील अबेरिस्टविथ परिसरात शिशाच्या खाणींचे पाणी नद्यांत उतरत असे. कॅथलीन कार्पेंटर यांनी तेथील जलचरांचा अभ्यास करून 1924 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. कोणते कीटक व मासे टिकले, कोणते नाहीसे झाले, यावरून नदीची अवस्था त्यांनी वाचली. पण अशा हजेरीपटातून नुकसान दिसते. धातू कोणता आणि किती, ते कळत नाही.

त्यासाठी वनस्पतीच्या आत साठलेला धातू मोजावा लागतो. पूर्वी हे काम वेळखाऊ होते. 1955 मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी अणुशोषण वर्णपटमापनाची पद्धत मांडली. वनस्पती वाळवा, आम्लात विरघळवा, द्राव ज्योतीत फवारा, आकडा वाचा. मी अभियांत्रिकी शिकवतो म्हणून म्हणत असेन कदाचित, पण या विषयाच्या इतिहासात वनस्पतिशास्त्रज्ञांइतकेच श्रेय या यंत्राला द्यायला हवे.

आता मॉस कशाला? आधी एक खुलासा. आपण ओल्या दगडावरच्या हिरव्या, निसरड्या कशालाही शेवाळ म्हणतो. येथे शैवाल नव्हे, तर बारीक पाने असलेले मॉस अभिप्रेत आहे. मॉसला खरी मुळे नसतात. पानांवर मेणचट थर जवळजवळ नसतो, आणि पान बहुधा एकाच पेशीइतके जाड असते. म्हणजे ते गाळातून नव्हे, तर वाहत्या पाण्यातूनच, सर्वांगाने धातू घेते. पेशीभित्तिकेतील कार्बोक्सिल गटांवर धातूचे आयन चिकटतात. कठीण पाणी मृदू करणाऱ्या रेझिनचे आयन-विनिमय तुम्ही शिकला आहात, तसेच हे. त्यामुळे मेलेले मॉससुद्धा धातू धरते. जिवंत मॉसमध्ये काही धातू नंतर सावकाश पेशीच्या आत जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगातील फरकाची आहे. धातू मॉसमध्ये भराभर शिरतो, पण बाहेर पडायला बराच जास्त वेळ घेतो. रात्रीची लाट निघून गेली तरी खूण राहते ती यामुळे. शिवाय मोजणी सोपी होते : पाण्यात जस्त लिटरला 0.02 मिलिग्रॅम आणि कोरड्या मॉसमध्ये किलोला 200 मिलिग्रॅम असेल, असे धरा. गुणोत्तर 10,000 येते.

इंग्लंडच्या उत्तर भागातही जुन्या खाणींचे धातू नद्यांत उतरत होते. तेथील डरहॅम विद्यापीठात ब्रायन व्हिटन व सहकाऱ्यांनी या कल्पनेला शिस्त लावली. 1981 मध्ये एथरो नदीवरील त्यांचे काम प्रसिद्ध झाले. संपूर्ण झुडपाऐवजी शेंड्याचे 2 सेंटीमीटर घ्यायचे, हा त्यांचा दंडक साधा पण निर्णायक होता. शेंडा ही अलीकडची वाढ. जुन्या भागात अनेक महिन्यांचा हिशेब मिसळलेला असतो. जेथे मॉस उगवतच नाही तेथे काय? स्वच्छ ओढ्यातले मॉस जाळीच्या पिशवीत भरून दूषित नदीत बांधून ठेवायचे. नद्यांसाठी या पिशव्यांची पद्धत 1987 मध्ये केली, गर्टन व व्हिटन यांनी मांडली.

मात्र मॉसमधल्या आकड्याला काही ठरावीक संख्येने भागून पाण्यातील प्रमाण काढू नका. परीक्षेत ही चूक नेहमी दिसते. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयन, कठीण असेल तर कॅल्शियम, त्याच जागांसाठी स्पर्धा करतात. तुलना करायची ती एकाच जातीची, सांडपाणी मिसळण्याच्या जागेच्या वर आणि खाली.

आपल्या मैदानी नद्यांत मॉसपेक्षा हायड्रिला, जलपर्णी अशा वनस्पती अधिक. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत पाणवनस्पतींतील धातुसंचयावर काम झाले आहे. हायड्रिला गाळात मुळे रोवते, हे विसरू नका. तिच्यातला धातू पाण्याचा की गाळाचा, हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण कायद्याची आहे. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याचे कलम 21 पाण्याचा किंवा सांडपाण्याचा नमुना ओळखते : सूचना द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, खुणा करून सीलबंद करायचे. ही रीत पाळली नाही तर सांडपाण्याच्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. त्या रीतीत मॉसची पिशवी बसत नाही. ती नाल्याच्या वर आणि खाली बांधून आठवड्याने काढली, तर निदान कोणत्या नाल्याच्या तोंडाशी रात्री दोन वाजता बाटली घेऊन उभे राहायचे, ते समजते.