विडी-लेबल

विडीच्या कट्ट्याभोवती (जुडीभोवती) चिकटवलेली पातळ कागदाची छापील पट्टी. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक माल नावाने मागत नाही, चित्राने मागते. त्यामुळे या धंद्यात लेबल हीच मुख्य मालमत्ता ठरली.

तेंदूपान व विडीकाम यांसाठी गोरेगाव तालुक्यासह गोंदिया जिल्हा (१९९९ पूर्वी भंडारा जिल्ह्यात) प्रसिद्ध आहे. विडी घरोघरी, बहुधा स्त्रिया वळतात. सट्टेदार (मध्यस्थ ठेकेदार) माल कारखान्यात पोचवतो. निवड, शेकणे व कट्टे बांधणे झाल्यावर शेवटी लेबल लागते. वळणारे हात तेच असले, तरी छाप बदलली की गिऱ्हाइकाच्या लेखी माल बदलतो.

स्वरूप : मधोमध वाघ-सिंह, देवता, आकडा किंवा रोजच्या वापरातील वस्तू; पुष्कळदा लंबगोलात मालकाचे छायाचित्र. बाजूला कारखान्याचे गाव, नोंदणी क्रमांक व नकलेपासून सावधगिरीची सूचना. जबलपूरच्या मोहनलाल हरगोविंददास यांची ‘शेर’ छाप या प्रदेशात विशेष परिचित.

चित्रकार : बहुतेक अनामिक.

नक्कल व कायदा : रंग व मांडणी तीच ठेवून चित्र किंचित बदलणे ही नकलेची नेहमीची रीत. पार्ले बिस्किटांच्या वेष्टनाविषयीच्या खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने दंडक सांगितला, की दोन वेष्टने शेजारी ठेवून बारीक फरक शोधायचे नसतात. एकूण साम्याने गिऱ्हाईक फसेल काय, एवढेच पाहायचे. ‘अमृतधारा’ या औषधाच्या नावाविषयीच्या खटल्यातही सामान्य बुद्धीच्या गिऱ्हाइकाची अपुरी आठवण हाच निकष मानला गेला. विडी-लेबलाच्या बाबतीत याहून न्याय्य कसोटी सुचत नाही, कारण येथील खरेदी आठवणीवरच चालते.

निर्बंध : २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने जाहिरातींना बंदी घातली आणि वेष्टनाचे महत्त्व आणखी वाढले. २००९ पासून चित्ररूप इशारा सक्तीचा झाला. २०१६ मध्ये त्याचे क्षेत्र वेष्टनाच्या दर्शनी भागाच्या ८५ टक्के करण्यात आले. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये तंबाखूच्या वेष्टनावरील छापचित्रे पूर्णपणे हटवली. आकर्षक चित्र विक्री वाढवते, हे गृहीतच या नियमांच्या मुळाशी आहे.

सुटी विक्री : पानठेल्यावर सुटी विडी घेणाऱ्याला लेबल दिसत नाही, तो बांधलेल्या धाग्याच्या रंगावरून छाप ओळखतो. धोक्याचा इशाराही त्याच्यापर्यंत पोचत नाही. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली.