पार्कर, क्वाना

पार्कर, क्वाना : (सु. १८४५–२३ फेब्रुवारी १९११). उत्तर अमेरिकेतील कोमँची या अमेरिकन इंडियन जमातीचा प्रमुख. त्याचा पिता पेटा नकोना हा कोमँची योद्धा होता. आई सिंथिया ॲन पार्कर ही गोऱ्या वसाहतवाल्यांची मुलगी. १८३६ मध्ये टेक्सासमधील पार्कर गढीवर झालेल्या हल्ल्यात तिला बालपणीच पळवून नेण्यात आले व ती कोमँचींमध्ये वाढली. डिसेंबर १८६० मध्ये टेक्सास रेंजर्सनी तिला परत नेले. पण गोऱ्यांच्या समाजात ती अखेरपर्यंत रमली नाही.

क्वाना क्वाहाडी या कोमँची शाखेत पुढे आला. १८६७ च्या मेडिसिन लॉज तहान्वये राखीव प्रदेशात जाण्यास या शाखेने नकार दिला. कोमँचींचे जीवन बायसनच्या कळपांवर अवलंबून होते. गोरे शिकारी कातड्यांसाठी हे कळप नष्ट करू लागले, तेव्हा २७ जून १८७४ रोजी क्वानाने इतर जमातींच्या साहाय्याने अडोबी वॉल्स येथील शिकाऱ्यांच्या ठाण्यावर चढाई केली. लांब पल्ल्याच्या बंदुकांपुढे ती फसली. सप्टेंबरमध्ये कर्नल मॅकेंझीने पालो ड्युरो दरीतील इंडियनांचे तळ उद्ध्वस्त केले व त्यांचे हजाराहून अधिक घोडे मारविले. अन्न आणि वाहन दोन्ही गमावल्याने क्वाहाडींनी जून १८७५ मध्ये फोर्ट सिल येथे शरणागती पतकरली.

सर्व कोमँचींचा एकच प्रमुख असण्याची प्रथा पूर्वी नव्हती. शासनाने क्वानाला ते पद दिले, ते कारभाराच्या सोयीसाठी. त्याने मात्र त्याचा जमातीसाठी उपयोग केला. कुरणे पशुपालकांना खंडाने देऊन त्याने जमातीला उत्पन्न मिळवून दिले. १८८६ पासून तो इंडियन न्यायालयात न्यायाधीश होता. परंतु बहुपत्नीकत्व न सोडल्याने १८९८ मध्ये ते पद गेले. पेयोटे निवडुंगाच्या सेवनावर आधारलेल्या धर्मविधींचाही त्याने पुरस्कार केला.

१८९२ च्या जेरोम करारान्वये राखीव प्रदेशाचे विभाजन ठरले. त्याच्या अटी सुधारण्यासाठी व अंमलबजावणी लांबविण्यासाठी क्वानाने खटपट केली. तथापि १९०० मध्ये काँग्रेसने करारास मान्यता दिली. प्रत्येक व्यक्तीस १६० एकर जमीन देऊन उरलेल्या जमिनीचा बराच मोठा भाग १९०१ मध्ये वसाहतीस खुला झाला. युद्धानंतर हाती राहिलेली भूमी अशा रीतीने कायद्याने गेली. ओक्लाहोमातील कॅशजवळ आपल्या घरी क्वाना मरण पावला.