आधी गाणं, मग व्याकरण

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी मासिमो विग्नेली आणि बॉब नूर्दा यांनी केलेली नियमपुस्तिका १९७० साली आली. पाटीवर अक्षर कोणतं, रंग कोणता, अंतर किती, सगळं ठरलेलं. नियम आधी आणि पाट्या त्याबरहुकूम.

वेबसाइटचं मात्र उलटं झालं. होकोन व्यूम ली यांनी १९९४ साली सीएसएस या स्टाइलशीटच्या पद्धतीची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिचं पहिलं प्रमाण ठरलं. मजकूर एकीकडे, त्याचं रूप दुसरीकडे, ही सोय मोठीच. पण स्टाइलशीटची फाइल वाढत गेली, माणसं बदलत गेली. आधीचं बटण सापडेना, म्हणून प्रत्येकाने आपलं नवं केलं.

मग आहे त्याच फाइलीतून स्टाइल गाइड, म्हणजे रूपाची नियमपुस्तिका, काढायची टूम निघाली. २०११ साली गिटहबमधल्या काइल नीथ यांनी केएसएस ही पद्धत मांडली. स्टाइलशीटमध्येच ठरावीक साच्यात टिपणं लिहायची. त्यांवरून नमुन्यांचं पान तयार होतं. टिपणं नसली तरी चालणारी साधनंही आली. ती फाइलीतले रंग, टाइप, आकार वेचून सरळ मांडून दाखवतात.

आधी वस्तू, मग तिच्यातून नियम, ही रीत वडोदऱ्याला परकी वाटू नये. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने इथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागची खटपट विष्णु नारायण भातखंडे यांची. पेशाने ते मुंबईचे वकील. ग्रंथांतलं शास्त्र आणि प्रत्यक्ष गायलं जाणारं गाणं यांचा मेळ उरलेला नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी गवयांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि नियम त्यांतून शोधले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली टिंब. कानाची गोष्ट डोळ्यांना दिसू लागली.

पण भातखंडे नुसती जमवाजमव करून थांबले नाहीत. राग त्यांनी दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा साच्यांत, बसवले. मधुवंतीसारखा राग त्यांतल्या एकातही नीट बसत नाही, आणि त्यावरून वाद आजही होतात. तरी शिकणाऱ्याला धरायला काहीतरी मिळालं.

स्टाइल गाइड काढणाऱ्या साधनाकडून हे निवडून बसवण्याचं काम होत नाही. हॅश ३३३ आणि आरजीबी ५१, ५१, ५१ हा एकच करडा रंग आहे, एवढं चांगलं साधन ओळखेल. त्याच्याशेजारचा किंचित उजळ करडा मुद्दाम घेतलाय की कुणाच्या घाईतून आलाय, हे त्याला कसं कळावं? शिवाय फाइलीत लिहिलेला प्रत्येक नियम पानावर दिसतोच असंही नाही. कित्येक केव्हाचेच मेलेले असतात.

तेव्हा साधन जरूर चालवा. पण निघालेल्या यादीला लगेच स्टाइल गाइड म्हणू नका. आधी बसून तिच्यातले नकोसे रंग खोडा.