बंदुकीच्या नळीपासून बॉयलरच्या नळीपर्यंत

वाफेत पोलादाचं ऑक्सिडेशन हा माझा विषय. त्याची गोष्ट सुरू होते १७८४-८५ साली, पॅरिसमध्ये. लाव्हाझिए आणि म्योनिए यांनी लालबुंद तापवलेल्या बंदुकीच्या लोखंडी नळीतून वाफ सोडली. हायड्रोजन बाहेर आला, आत काळं ऑक्साइड साचलं आणि नळीचं वजन वाढलं. म्हणजे पाणी मूलद्रव्य नाही!

हीच अभिक्रिया पुढे वीजकेंद्रांची डोकेदुखी झाली. ऑक्साइडच्या थरामुळे उष्णता अडते, नळी जास्त तापते. बॉयलर थंड होताना पापुद्रे सुटून ती तुंबते. म्हणून टी-९१ पोलादात साधारण ९ टक्के क्रोमियम असतं.

माझ्याही नमुन्याचे पापुद्रे गळले, वजन कमी भरलं आणि वाटलं, ऑक्सिडेशनच कमी! तेव्हा गळालेलंही तोला.