हमल नको असेल तर : मुदत, पर्याय आणि कायदा

पालकसभा संपल्यावर एक आई वर्गात मागे थांबल्या. कडेवर आठ महिन्यांचं बाळ. हळूच म्हणाल्या, "बाजी, बाळ अंगावर पितंय, पाळी आलीच नव्हती. तरी दिवस गेलेत. आता काय करू?" त्यांच्या पिशवीत मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या होत्या. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. शेजारणीने नाव सांगितलं आणि नवऱ्याने आणून दिल्या. गोळी घेण्याआधी त्यांनी विचारलं, हे बरं झालं. सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी केली तेव्हा अकरा आठवडे निघाले. घरी गोळी घेण्याची मुदत केव्हाच संपली होती.

आम्ही डॉक्टर नाही आणि मुफ्तीही नाही, शाळेत शिकवतो. पण असे प्रश्न आमच्यापर्यंत येतात, कारण घरात ते कुणी विचारत नाही. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. गर्भपात करा किंवा करू नका, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. वेळ निघून जाऊ नये आणि कुणाच्या जिवावर बेतू नये, एवढाच हेतू आहे.

दिवस कसे मोजायचे?

डॉक्टर हमलचे आठवडे संबंधाच्या दिवसापासून मोजत नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. समजा, शेवटची पाळी 1 मार्चला आली. पुढची पाळी मार्चच्या अखेरीस चुकली आणि 5 एप्रिलला घरी लघवीची तपासणी केली, तर त्या दिवशी पाच आठवडे पूर्ण झालेले असतात. म्हणजे कळेपर्यंत महिना निघून गेलेला असतो. याच हिशोबाने 3 मे रोजी नऊ, 24 मे रोजी बारा आणि 19 जुलैला वीस आठवडे पूर्ण होतात.

बाळंतपणानंतर पाळी सुरूच झाली नसेल तर हा हिशोब चालत नाही. सोनोग्राफीच करावी लागते. अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत, हा समजही अर्धवट आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर असलेलं आणि आईची पाळी सुरू न झालेली, या तिन्ही गोष्टी असतील तरच त्यावर भरवसा ठेवता येतो.

पर्याय कोणते?

*नऊ आठवड्यांपर्यंत (63 दिवस) : गोळ्या.* आधी मिफेप्रिस्टोन आणि एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, अशी दोन औषधं असतात. पोटात कळा येतात आणि पाळीपेक्षा जास्त रक्त जातं. थोडा रक्तस्राव एक-दोन आठवडे राहू शकतो. साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जायचं, कारण गर्भ पूर्ण पडला की नाही याची खात्री करावी लागते.

गोळीआधी तपासणी का? हमल गर्भाशयाबाहेर, नळीत असेल तर या गोळ्या उपयोगी पडत नाहीत. नळी फुटून जीव जाऊ शकतो. तांबी बसवलेली असेल, रक्त फार कमी असेल, रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील, तर हे डॉक्टरांना आधी सांगितलं पाहिजे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागेल का, तेही विचारून घ्यावं.

*बारा आठवड्यांपर्यंत : पिशवी साफ करणे.* नळीने गर्भ ओढून घेतात. प्रक्रिया काही मिनिटांची असते आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. जुन्या पद्धतीचं खरवडून केलेलं क्युरेटिंग आता जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही. म्हणून कोणत्या पद्धतीने करणार, हे विचारायला संकोच करू नये.

*बारा आठवड्यांनंतर* दवाखान्यात भरती व्हावं लागतं, स्त्रीरोगतज्ज्ञ लागतात आणि त्रास व धोका वाढतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आहे. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरांचं मत पुरतं. आईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, बाळात गंभीर दोष, बलात्कार, संततिनियमनाचं साधन फसणं, ही कारणं कायद्यात आहेत. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ही मुभा ठरावीक स्त्रियांनाच आहे. त्यात अत्याचारपीडित, अल्पवयीन, अपंग, तसेच हमल असताना विधवा झालेल्या किंवा तलाक झालेल्या स्त्रिया येतात. त्यापुढे बाळात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडी असेल तर आठवड्यांची अट आड येत नाही.

सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याने लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची संमती लागते. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतून वगळता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये दिला. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं मात्र कुठल्याच आठवड्यात चालत नाही. लिंग तपासणी 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

शरीयतचा मसला

हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्या बुखारी-मुस्लिममधील रिवायतीच्या आधारे उलेमा 120 दिवसांनंतर रूह फुंकली जाते असं मानतात. त्यानंतर आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपाताला मुभा नाही, यावर साधारण एकमत आहे. त्याआधीच्या काळाबद्दल मतभेद आहेत. अनेक हनफी फुकहांनी वाजवी कारण असेल तर सवलत दिली आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध आटेल ही भीती, हे कारण त्यांच्या किताबांत आहे. मालिकी मत फार कडक आहे. शाफई मसलकात, ज्यावर आपल्या कोकणातले बरेच लोक आहेत, दोन्ही बाजूंची मतं आढळतात. केवळ गरिबीच्या भीतीने हमल पाडण्याला उलेमा मनाई करतात.

इथे एक हिशोब नीट समजून घ्यावा. हे 120 दिवस गर्भ राहिल्यापासूनचे आहेत. डॉक्टरांच्या मोजणीत ते सुमारे एकोणीस आठवडे होतात, म्हणजे वरच्या उदाहरणात 13 जुलैच्या आसपास. मुफ्ती साहेबांकडे जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट न्यावा. "तीन महिने झाले असतील" असं अंदाजाने सांगू नये.

लगेच दवाखाना गाठा

तासाला दोन मोठे पॅड भिजतात आणि असं सलग दोन तास चालतं, गोळ्यांनी न थांबणारी पोटदुखी, दुसऱ्या दिवशीही ताप, वास येणारं पाणी, चक्कर येऊन पडणं, किंवा मिसोप्रोस्टॉल घेऊन 24 तास झाले तरी रक्तच न येणं. यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. 108 ला फोन करा आणि घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. डॉक्टरांपासून काही लपवू नका.

गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतही पुन्हा दिवस राहू शकतात. त्यामुळे पुढचं साधन कोणतं वापरायचं, हे दवाखान्यातून निघण्याआधीच नवरा-बायकोने विचारून घ्यावं.

त्या आईंनी पुढे काय ठरवलं, ते आम्ही इथे लिहिणार नाही. तो त्या दोघांचा निर्णय होता. पण अकरा आठवड्यांना त्यांच्यापुढे पर्याय शिल्लक होते आणि विचार करायला वेळही होता. पंधरा दिवस आधी तपासलं असतं तर आणखी एक पर्याय असता. घरातल्या मुली-सुनांना एवढंच सांगा : पाळीची तारीख लिहून ठेवा आणि चुकली तर त्याच आठवड्यात तपासा.